युद्धस्मारकावरचं एक नाव आणि त्यामागचा बॉम्बर-सैनिक: माहिती कशी शोधावी, स्मरण कसं करावं

लिंकनशायर, यॉर्कशायर, नॉरफोक या भागांत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी माणसाच्या रोजच्या वाटेवर नावांचा एखादा दगड असतोच. कधी तो चर्चच्या आवारात असतो, कधी मुलांच्या शाळेच्या भिंतीवर. पुण्यात राहणाऱ्यांना त्यासाठी परदेशी जायलाही नको. होळकर पुलाजवळच्या खडकीच्या वॉर सिमेट्रीत दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेहून अधिक कबरी आहेत आणि त्यांत विमानदलाची बोधचिन्हंही दिसतात. एक नाव, एक हुद्दा, एक तारीख, वय एकवीस. बघणारा क्षणभर थांबतो, हळहळतो आणि पुढे जातो.

हा लेख ज्याला पुढे जाववत नाही त्याच्यासाठी आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडमध्ये, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या विभागात, सुमारे १,२५,००० जणांनी विमानातून कामगिरी केली. त्यांपैकी ५५,५७३ जण मेले, म्हणजे शंभरातले चव्वेचाळीस. विमानात बसणारा प्रत्येक जण स्वेच्छेने आलेला होता. ब्रिटनबरोबरच कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, पोलंड आणि कॅरिबियन बेटांतली मुलं त्यांत होती आणि बहुतेकांनी पंचविशीही पाहिली नाही. आकडा एवढा मोठा आहे की त्यात एकटा माणूस हरवून जातो. त्याला शोधून काढता येतं आणि त्यासाठी इतिहासाची पदवी लागत नाही. चिकाटी लागते, आणि पदरचं काही न घालण्याची शिस्त लागते.

सुरुवातीलाच माझं ठाम मत सांगतो, कारण पुढची सगळी पद्धत त्यावर उभी आहे. बॉम्बरमधल्या माणसाला त्याच्या विमानातून एकटा बाहेर काढू नका. लँकेस्टर या बॉम्बर विमानात सात जण असत: वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, नेव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा बॉम्ब-एमर, वायरलेस ऑपरेटर, वरच्या टरेटमधला (बंदुकीच्या फिरत्या घुमटातला) गनर आणि शेपटीतला गनर. ते एकत्र उडाले आणि बहुधा एकत्रच गेले. आपल्या माणसाची गोष्ट उरलेल्या सहांच्या कागदांत विखुरलेली असते. फक्त त्याच्या नावाचा माग काढत बसलात तर अर्धी माहिती हाती लागणारच नाही.

पहिलं काम: नावाची खातरजमा

दगडावरच्या नावावरून थेट गुगलमध्ये उडी मारू नका. ‘जे. स्मिथ’ किंवा ‘डब्ल्यू. जोन्स’ अशा नावांचे शेकड्यांनी लोक मारले गेले आहेत. आधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर जा. तिथला शोध मोफत आहे. आडनाव, आद्याक्षरं, सेवेत ‘एअर फोर्स’ आणि मृत्यूचं अंदाजे वर्ष भरलं की यादी येते. योग्य माणूस निवडायचा तो सेवा-क्रमांकावरून. नाव दोघांचं सारखं असू शकतं, क्रमांक नसतो. एक अडचण मात्र असते. सार्जंट म्हणून भरती झालेल्या आणि नंतर अधिकारी झालेल्या माणसाचे दोन क्रमांक असतात, एक जुना आणि एक कमिशननंतरचा. जुन्या कागदांत पहिला सापडेल, कबरीवर दुसरा. दोन्ही टिपून ठेवा.

त्याच पानावर खाली ‘अधिक माहिती’ असते: अमक्याचा मुलगा, तमक्या गावचा, क्वचित ‘अमकीचा पती’. युद्धानंतर आईवडिलांना पाठवलेल्या फॉर्मवरून ही ओळ घेतलेली असते. फॉर्म परत आला नाही तर ती ओळ नाही, आणि पुष्कळदा वयही नाही. याच पानाला जोडून मूळ कागदांच्या प्रती असतात, त्या जरूर उघडा. कबरींची नोंदणी, दगडाचा मजकूर, मृतदेह आधी कुठे पुरला होता आणि नंतर कुठे हलवला, हे सगळं त्यांत असतं. कुटुंबाने दगडाच्या तळाशी कोरायला दिलेल्या ओळीही तिथे वाचायला मिळतात. आईच्या हातची ती ओळ तुमच्या लेखात पुढे सर्वांत मोलाची ठरू शकते.

कबर नसेल तर स्मारक असतं. ब्रिटनमधून किंवा पश्चिम युरोपातून उड्डाण केलं आणि ठावठिकाणा लागला नाही, तर नाव लंडनजवळच्या रनीमीड इथल्या हवाई दल स्मारकावर असतं. १९५३ साली खुल्या झालेल्या त्या स्मारकावर वीस हजारांहून अधिक नावं आहेत. ‘पॅनल’ असा शब्द आणि पुढे आकडा दिसला, तर समजा की तिथे देह नाही, फक्त नाव आहे. ‘कलेक्टिव्ह ग्रेव्ह’ अशी नोंद असेल, तर कोण कोणता हे ओळखता आलं नाही म्हणून सगळ्यांना एकत्र पुरलं आहे. नातेवाइकांशी बोलताना या नोंदीचा अर्थ नीट जाणून बोला.

दुसरं काम: ती रात्र आणि ते विमान

स्क्वाड्रन, म्हणजे त्याची विमानतुकडी, कळली की तिचं ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक, म्हणजे मोहिमांची नोंदवही, शोधायचं. लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये ‘एअर २७’ या मालिकेत ती आहेत. बरीचशी स्कॅन झाली असून संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. प्रत्येक महिन्याचे दोन भाग असतात. फॉर्म ५४० मध्ये दिवसाचा सारांश असतो, फॉर्म ५४१ मध्ये विमानवार तपशील. आपल्याला खरा उपयोग दुसऱ्याचा.

फॉर्म ५४१ चं पान पहिल्यांदा पाहाल तेव्हा थोडा वेळ द्या. टाइपरायटरची फिकट अक्षरं, उभे रकाने. डावीकडे विमानाचा प्रकार आणि क्रमांक, मग सातही जणांची नावं, मग काम, निघाल्याची वेळ, परतल्याची वेळ आणि शेवटी हकिगत. वरच्या विमानांसमोर हकिगत असते: ढग किती होते, लक्ष्य दाखवायला टाकलेले रंगीत दिवे दिसले का, बॉम्ब किती उंचीवरून टाकले. मग एका विमानासमोर निघाल्याची वेळ असते आणि परतल्याच्या रकान्यात काहीच नसतं. हकिगतीत एवढंच असतं की हे विमान परतलं नाही, उड्डाणानंतर काही कळलं नाही. कोण्या कारकुनाने रात्र-रात्र जागून हे टाइप केलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं. तो रिकामा रकाना मला कुठल्याही वर्णनापेक्षा जास्त बोलका वाटतो.

या पानावरून चार गोष्टी हमखास उतरवून घ्या: विमानाचा सिरियल क्रमांक, सातही नावं, लक्ष्य आणि उड्डाणाची वेळ. सिरियल क्रमांक म्हणजे एक अक्षर आणि चार आकडे किंवा दोन अक्षरं आणि तीन आकडे असा, त्या विमानाचा कायमचा. विमानाच्या अंगावर मोठ्या अक्षरांत रंगवलेली स्क्वाड्रनची खूण वेगळी. ती एक विमान पडलं की दुसऱ्याला दिली जाई. जुन्या फोटोत खूण जुळली म्हणून ‘हेच ते विमान’ असं लिहिणारे बरेच आहेत. सिरियल जुळल्याशिवाय लिहू नका.

तारखेचीही गंमत असते. बॉम्बर रात्री निघत आणि पहाटे परतत, म्हणून प्रत्येक हल्ल्याला दोन तारखा: १२/१३ जून. रेकॉर्ड बुकात निघाल्याची तारीख असते, कबरीवर बहुधा दुसरी. दोन ठिकाणी दोन तारखा दिसल्या म्हणून गोंधळू नका. उन्हाळ्यात ब्रिटनची घड्याळं ग्रिनिचपेक्षा दोन तास पुढे असत, हेही लक्षात ठेवा.

हे झालं की लिंकनच्या इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटरची ‘लॉसेस डेटाबेस’ उघडा. मोफत आहे. जवळपास ५८,००० मृतांच्या नोंदी तिथे आहेत आणि एका माणसाच्या पानावरून त्याच्या विमानातल्या बाकीच्यांच्या पानांवर जाता येतं. तिथली माहिती फॉर्म ५४१ शी ताडून पाहा. नेदरलँड्समध्ये विमान पडलं असेल तर डच अभ्यासकांनी केलेली विमानहानीची यादी फार कामाची आहे. कुठल्या शेतात, कुठल्या पाणथळीत विमान पडलं इथपर्यंत तपशील मिळतो.

अपघात आणि शत्रूचा मारा यांतला फरकही इथेच पाहून घ्या. बॉम्बर कमांडचे सुमारे ८,००० जण प्रशिक्षणात आणि इतर अपघातांत गेले. ‘शत्रूशी लढताना’ असं सरसकट लिहिलं की त्यांच्यावर अन्याय होतो. धुक्यात टेकडीवर आदळून गेलेला मुलगाही युद्धातच गेला. त्याची गोष्ट जशी आहे तशीच सांगावी.

तिसरं काम: शेवटच्या तासाचा पुरावा

इथे सगळ्यात जपून चालायचं, कारण कल्पनेला मोकळं रान इथेच मिळतं. एक खरं उदाहरण सविस्तर घेऊ.

अँड्र्यू मायनार्स्की, जन्म १४ ऑक्टोबर १९१६, कॅनडातलं विनिपेग शहर, आईवडील पोलंडहून आलेले. कॅनेडियन हवाई दलाच्या ४१९ स्क्वाड्रनमध्ये वरच्या टरेटमधला गनर. १२/१३ जून १९४४ च्या रात्री, नॉर्मंडीत दोस्तांचं सैन्य उतरून आठवडा झाला असताना, त्यांचं लँकेस्टर केबी ७२६ इंग्लंडमधल्या मिडलटन सेंट जॉर्ज तळावरून फ्रान्समधल्या काँब्रे इथल्या रेल्वे यार्डावर निघालं. वाटेत जर्मन रात्र-लढाऊ विमानाने गाठलं. डाव्या पंखाची दोन्ही इंजिनं पेटली. वैमानिक आर्ट डी ब्रेन याने उड्या मारायचा हुकूम दिला.

शेपटीतला गनर पॅट ब्रॉफी याचा टरेट अडकला होता. तो टरेट डाव्या इंजिनाच्या हायड्रॉलिक पंपावर फिरे, आणि इंजिन बंद पडलं की हातानेच फिरवावा लागे. हाताने फिरवायचा दांडाही तुटला. मागच्या गनरचं पॅराशूट टरेटमध्ये मावत नसे, ते बाहेर विमानाच्या धडात ठेवलेलं असे. म्हणजे टरेट फिरल्याशिवाय त्याला बाहेर पडता येत नव्हतं. मायनार्स्की दारापाशी पोहोचला होता, उडी मारू शकत होता. त्याने मागे पाहिलं आणि आगीतून रांगत तो ब्रॉफीकडे गेला. आधी कुऱ्हाडीने, मग नुसत्या हातांनी त्याने टरेट उघडायचा प्रयत्न केला. त्याचे कपडे पेटले. ब्रॉफीने त्याला हाताने खुणावून परत पाठवलं. जाताना मायनार्स्कीने वळून सलाम केला आणि जळत्या पॅराशूटसह उडी घेतली. गावकऱ्यांना तो जिवंत सापडला, पण भाजल्यामुळे वाचला नाही. विमान जमिनीवर आदळलं तेव्हा ब्रॉफी बाहेर फेकला गेला आणि बचावला.

आता पुराव्याच्या अंगाने पाहा. आगीत काय घडलं हे पाहणारा एकच माणूस होता आणि तो वाचणं जवळजवळ अशक्य होतं. ब्रॉफी परतला, त्याने सांगितलं, म्हणून ११ ऑक्टोबर १९४६ रोजी मायनार्स्कीला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक जाहीर झालं. कबर फ्रान्समधल्या मेहारीकूर गावच्या दफनभूमीत आहे आणि तिच्यावर १३ जून ही तारीख आहे. मॅनिटोबा प्रांतात त्याच्या नावाचे तलाव आहेत. हॅमिल्टनच्या विमान संग्रहालयातलं उडणारं लँकेस्टर त्याच्याच विमानाच्या रंगखुणांनी रंगवलेलं आहे.

बहुतेक विमानांत ब्रॉफी नव्हता. सातच्या सात गेले आणि त्यांच्याबरोबर शेवटची दहा मिनिटंही गेली. त्या दहा मिनिटांत आणखी किती मायनार्स्की होते, हे कोणालाच कधी कळणार नाही. म्हणूनच साक्षीदार नसेल तिथे ‘त्याने अखेरपर्यंत विमान सावरलं’ वगैरे लिहू नका. त्याने सावरलंही असेल. तुम्हाला ते माहीत नाही, तर ती जागा मोकळी सोडा.

पुराव्यासाठी पाहायच्या जागा अशा. ब्रिटिश हवाई दलाच्या हानीच्या फायली ‘एअर ८१’ मालिकेत, युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांपासून टप्प्याटप्प्याने खुल्या होत आहेत. वाचलेल्या किंवा कैदेतून सुटलेल्या सोबत्यांचे जबाब असतील तर ते सोनं समजा. युद्धानंतर बेपत्ता विमानसैनिकांचा माग काढणारं एक खास पथक युरोपभर फिरत होतं. त्यांनी गावच्या सरपंचांना, पाद्र्यांना, शेतकऱ्यांना विचारून अहवाल लिहिले. जर्मन रात्र-लढाऊ वैमानिकांनी कुठल्या वेळी, कुठे विमान पाडल्याचा दावा केला याच्या याद्याही छापील आणि ऑनलाइन मिळतात. पण एकाच भागात एका रात्री दहा विमानं पडली असतील, तर ‘याला त्यानेच पाडलं’ हे ठामपणे म्हणायला वेळ आणि जागा दोन्ही जुळायला हवीत.

शौर्यपदकाचं मानपत्रही अंतिम शब्द नसतं. लीड्सचा एकवीस वर्षांचा वैमानिक आर्थर एरन ऑगस्ट १९४३ मध्ये तुरिनवरच्या हल्ल्यात भयानक जखमी झाला. जबडा मोडलेला असताना डाव्या हाताने सूचना लिहून त्याने सोबत्यांना अल्जीरियातल्या धावपट्टीपर्यंत पोहोचायला मदत केली आणि काही तासांत प्राण सोडला. मानपत्रात शत्रूच्या लढाऊ विमानाने गोळीबार केल्याचं म्हटलं आहे. तो मारा जवळच्याच दुसऱ्या ब्रिटिश बॉम्बरच्या गनरकडून चुकून झाला असावा, असं नंतरच्या अभ्यासकांचं मत आहे. त्याच्या धैर्याला याने रतीभरही उणेपणा येत नाही. लिहिताना दोन्ही गोष्टी सांगाव्यात.

चौथं काम: गणवेशाच्या आधीचा मुलगा

इथे देशादेशांत मोठा फरक आहे. विमानातले सात जण तीन देशांचे असू शकतात, आणि सातही जणांचा माग काढा असं मी म्हणतो ते यामुळेच.

ऑस्ट्रेलियाने आपल्या हवाई दलातल्या मृतांच्या फायली राष्ट्रीय अभिलेखागारात स्कॅन करून मोफत ठेवल्या आहेत. ‘ए ७०५’ या मालिकेत हानीचा तपास, घरच्यांशी झालेला पत्रव्यवहार, सामानाची यादी हे सगळं सापडतं. कॅनडाच्या युद्धमृतांच्या सेवा-फायली खुल्या आहेत. भरतीचा अर्ज, शाळा, खेळ, छंद, आधीची नोकरी, मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याचा शेरा, सगळं त्यांत मिळतं. न्यूझीलंडसाठी ऑकलंड संग्रहालयाचं ‘ऑनलाइन सेनोटाफ’ पाहा. ब्रिटिश सैनिकांच्या सेवा-नोंदी संरक्षण मंत्रालयाकडून नॅशनल आर्काइव्हजकडे टप्प्याटप्प्याने जात आहेत. अर्ज करावा लागतो आणि वाट पाहावी लागते. समजा तुमचा माणूस ब्रिटिश आणि नेव्हिगेटर ऑस्ट्रेलियन असेल, तर नेव्हिगेटरच्या फायलीत संपूर्ण विमानाचा तपास-अहवाल घरबसल्या मिळतो. हा एक मार्ग ठाऊक असला तरी महिन्यांचं काम वाचतं.

अमेरिकन असेल तर वाट वेगळी. बी-१७ मध्ये साधारण दहा जण असत आणि १९४३ पासून हरवलेल्या विमानाचा ‘मिसिंग एअर क्रू रिपोर्ट’ तयार होई. सेंट लुइसच्या अभिलेखागाराला १९७३ साली लागलेल्या आगीत लष्करी नोकरीच्या बहुतेक जुन्या फायली जळाल्या, पण हे अहवाल आणि मृतांच्या दफनासंबंधीच्या फायली वेगळ्या आहेत. तिथून सुरुवात करा.

सरकारी कागद संपले की गावाकडे वळा. शाळेचं वार्षिक, क्रिकेट क्लबचे निकाल, स्थानिक वर्तमानपत्राचे जुने अंक. ‘बेपत्ता’ अशी बातमी आधी येते, काही महिन्यांनी ‘मृत मानण्यात आले’ अशी दुसरी. फोटो बहुधा पहिल्या बातमीबरोबर असतो. घरच्यांकडे उड्डाणवही असेल तर भाग्यच. रात्रीची उड्डाणं लाल शाईत लिहायची पद्धत होती. काळ्या ओळी कमी होत जातात, लाल वाढत जातात आणि मग वही थांबते. नेमून दिलेला पल्ला तीस मोहिमांचा असे. त्यांतल्या कितव्या मोहिमेवर तो होता ते मोजा आणि लेखात सांगा.

आपल्याकडच्या आघाडीवरचे

ब्रह्मदेशाच्या मोहिमेत ब्रिटिश लिबरेटर बॉम्बर बंगालमधल्या सालबोनी, डिगरी अशा तळांवरून उडत आणि रात्री बंगालचा उपसागर ओलांडत. परतीच्या वाटेवर समुद्रात पडलेल्यांचा शोध लागणं जवळपास अशक्यच. अशांची नावं पुष्कळ लोक म्यानमारमधल्या रंगून स्मारकावर शोधतात आणि सापडत नाहीत म्हणून हताश होतात. दक्षिण आणि पूर्व आशियात बेपत्ता झालेल्या विमानसैनिकांची नावं सिंगापूरच्या क्रांजी इथल्या स्मारकावर आहेत, विमानाच्या पंखासारख्या छताखालच्या खांबांवर. भारतीय हवाई दलाच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रन ब्रह्मदेशात व्हेन्जन्स डाइव्ह-बॉम्बर घेऊन लढल्या. त्या विमानात दोघेच असत, म्हणून तिथे शोध दोन नावांचा. बेपत्ता भारतीय विमानसैनिकांसाठीही क्रांजीच पाहा.

खडकीची दफनभूमी पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या कबरी एकत्र आणून जपण्यासाठी झाली. त्यामुळे तिथला विमानसैनिक पुण्यात वारला असं गृहीत धरू नका. त्याची मूळ कबर कुठे होती, ते कमिशनच्या कागदांत पाहा. फोटो काढायला जाणार असाल तर प्लॉट, ओळ आणि कबरीचा क्रमांक आधी लिहून न्या. सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरं उठून दिसतात. दगडावर खडू, पावडर, तेल काही लावू नका. फुलं जरूर वाहा. उदबत्ती आणि मेणबत्ती दगडाला टेकवू नका, डाग राहतात. एक फोटो दगडाचा, एक आजूबाजूच्या रांगेचा काढा. दूरदेशीच्या नातेवाइकांना दुसरा जास्त हवा असतो. आपला माणूस एकटा नाही, हे त्यांना त्यात दिसतं.

स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांत कामी आलेल्यांसाठी दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी त्याचं लोकार्पण झालं आणि त्यागचक्राच्या ग्रॅनाइटवर प्रत्येकाचं नाव कोरलेलं आहे. १९६५ आणि १९७१ मध्ये आपल्या कॅनबेरा बॉम्बरमधून गेलेल्यांचा शोध घेताना वैमानिक आणि नेव्हिगेटर ही जोडी तोडू नका. वर्तमानपत्रं वैमानिकाचं नाव लिहून थांबतात.

नातेवाइकांशी बोलताना

बॉम्बरमधल्या बहुतेक मुलांची लग्नं झालेली नव्हती. वारस म्हणजे पुतणे, भाचे आणि त्यांची मुलं. पत्र लिहिताना आधी तुम्ही कोण, हे का करताय आणि पैसे नकोत, हे पहिल्या चार ओळींत सांगा. जिवंत माणसांचे पत्ते, फोन, फोटो त्यांच्या होकाराशिवाय कुठेही टाकू नका.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. तपास-अहवालांत मृतदेह कोणत्या अवस्थेत सापडला, कशावरून ओळखला, हे रोखठोक लिहिलेलं असतं. त्या काळी आईवडिलांना यातलं बरंच सांगितलं जात नसे. त्यांना तार मिळे, मग स्क्वाड्रनच्या प्रमुखाचं पत्र, मग कित्येक महिन्यांनी सामानाची पेटी. हा कागद तुमच्याकडे आला म्हणून तसाच ईमेलने पुढे ढकलू नका. ‘फायलीत अंत्यसमयीचा तपशील आहे, तुम्हाला वाचायचा आहे का?’ असं आधी विचारा. ऐंशी वर्षांच्या भाचीला मामाच्या अंगरख्याचं वर्णन अचानक स्क्रीनवर वाचायला लागू नये.

लिहायला बसताना

तारखेपासून सुरुवात करा, विशेषणांपासून नको. कुठून निघाले, किती वाजता, कुठे जायचं होतं, विमानाचा क्रमांक काय. त्यानंतर सातही जण, प्रत्येकाचं काम, गाव, वय आणि पुढे काय झालं. ही नावं तळटीपेत ढकलू नका, मुख्य मजकुरात घ्या. मग आपला माणूस, शाळेपासून. मग ती रात्र, पुराव्याला धरून. जिथे दोन नोंदी जुळत नाहीत तिथे दोन्ही द्या.

बॉम्ब कुठे पडले हेही लिहा. हँबर्गमध्ये जुलै १९४३ च्या आगीत हजारो सामान्य माणसं होरपळून मेली. ड्रेसडेनमध्ये फेब्रुवारी १९४५ मध्ये पंचवीस हजारांपर्यंत मेली. एकवीस वर्षांच्या गनरने ते शहर निवडलं नव्हतं, आणि खाली तळघरात बसलेल्या बाईनेही ती रात्र निवडली नव्हती. एकाची आठवण जपण्यासाठी दुसऱ्याला झाकावं लागतं असं मला वाटत नाही. लक्ष्याचं नाव, तिथे काय होतं आणि तिथल्या माणसांचं काय झालं, एवढं दोन-तीन वाक्यांत यावं. लिंकनच्या बॉम्बर कमांड सेंटरमध्येही दोन्ही बाजूंच्या आठवणी जपल्या आहेत.

पदकांसाठी वेगळा परिच्छेद लागत नाही. ‘एअर क्रू युरोप स्टार’ ५ जून १९४४ पर्यंतच्या मोहिमांसाठी होतं आणि ‘बॉम्बर कमांड क्लॅस्प’ (पदकाच्या फितीवर लावायची पट्टी) २०१३ साली आलं, एवढं माहीत असलं तरी पुरे. क्लॅस्पसाठी जवळचे नातेवाईक अर्ज करू शकतात, हे त्यांना जरूर कळवा. अनेकांना ठाऊक नसतं.

स्मरणाचा दिवस

११ नोव्हेंबरला, पहिलं महायुद्ध थांबल्याच्या दिवशी, सगळीकडे कार्यक्रम असतात. माझं म्हणणं, त्याच्या विमानाची रात्र निवडा. ते विमान नेदरलँड्समध्ये पडलं असेल तर ४ मे हाही दिवस आहे. त्या दिवशी रात्री आठ वाजता सारा देश दोन मिनिटं स्तब्ध उभा राहतो. शाळेत, ग्रंथालयात, घराच्या अंगणात, कुठेही दहा मिनिटांचा कार्यक्रम करता येतो. सात जणांनी एकेक नाव, काम आणि वय मोठ्याने वाचावं. मुलं असतील तर त्यांच्याकडून वाचून घ्या. एकोणीस, वीस, बावीस हे आकडे त्यांच्या तोंडून वेगळेच ऐकू येतात. कुटुंबाने कबरीवर कोरून घेतलेली ओळ शेवटी वाचा. भाषण नको.

काम पूर्ण झालं की एक प्रत त्याच्या शाळेला, एक गावच्या ग्रंथालयाला आणि एक बॉम्बर कमांड सेंटरला पाठवा. त्यांच्या डेटाबेसमध्ये फोटो आणि दुरुस्त्या स्वीकारतात. मजकुराखाली तारीख घाला आणि कोणती माहिती कोणत्या फायलीतून घेतली ते स्पष्ट लिहा, म्हणजे पुढे नवी फाइल खुली झाल्यावर कोणाला तरी तुमचं लिखाण दुरुस्त करता येईल. उरलेल्या सहा जणांच्या घरच्यांपैकी ज्यांचा पत्ता लागेल त्यांनाही ती पाठवा. त्यांच्याकडे त्या रात्रीचा फोटो, पत्र किंवा वहीचं एखादं पान असू शकतं, जे तुमच्या माणसाच्या घरात कधीच नव्हतं.